कोवळा कोळसा

माझी ताई आता ऑस्ट्रेलियात असते. तिथे एका संशोधन केंद्रात ती तपकिरी कोळशावर काम करते, आणि मी ठाण्यात घोडबंदर रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. तिची सकाळ माझ्या आधी होते. मी चहा घेत असतो तेव्हा तिची जेवायची वेळ होत आलेली असते. हे गणित मला पाठ झालंय, तरी जाग आली की अजून पहिल्यांदा मनात येतं ते असं, की ताई गाळ्यावर पोचली असेल आणि आपल्याला उशीर झालाय.

गाळा डोंबिवलीत, एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याला होता. माझं काम फॅब्रिकेशनचं. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करून टाक्या, ड्रम, धुराडी बनवायची. आजूबाजूला सगळे रंगाचे आणि औषधांचे कारखाने, त्यांना टाक्या लागतच. ताई माझ्याहून बरीच मोठी. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती आमच्याच रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलेली. तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर “राहून गेलं” म्हणायची, आणि ते अशा सुरात म्हणायची की पुढे विचारायची कुणाची हिंमत व्हायची नाही. आम्ही सगळे एकाच घरात राहायचो, आई, ताई, मी, माझी बायको आणि आमचा मुलगा.

लॅबमध्ये ताईचं काम तयार रंग तपासायचं. पण तिचं लक्ष असायचं कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. आत लाल रंग बनत असला की ते पाणी लाल, निळा असला की निळं. ते साफ करायला कारखाना नारळाच्या करवंटीपासून केलेला कार्बन आणायचा. काळी, बारीक खडीच ती. तिच्यातून पाणी सोडलं की वास जायचा, रंग मात्र बराचसा तसाच राहायचा. ताई घरी जेवताना सांगायची, “त्या कार्बनला भोकं असतात, डोळ्याला न दिसणारी. त्या भोकांत घाण अडकते. पण रंगाचे रेणू अंगाने मोठे. ते आत शिरतच नाहीत, बाहेरच्या बाहेर निघून जातात.”

आई म्हणायची, “मग मोठ्या भोकांचा आणा की.”

“मिळत नाही गं. बनवायला लागेल.”

त्याच सुमारास कारखान्याने बॉयलरसाठी कच्छकडचा स्वस्त कोळसा मागवून बघितला. लिग्नाइट म्हणतात त्याला. रंगाने तपकिरी, हाताला ओलसर, शेतातल्या ढेकळासारखा. एखाद्या तुकड्यात लाकडाच्या रेषासुद्धा दिसायच्या. उन्हात सुकला की तडकून त्याचा भुगा व्हायचा, ढीग करून ठेवला की आतून आपोआप तापून धुमसायचा. बॉयलरवरची माणसं वैतागली. पुढे काही महिन्यांतच कारखाना गुजरातला हलला आणि लॅब बंद झाली. सगळे आपापल्या वाटेने गेले, तो ढीग मागच्या भिंतीशी तसाच पडून राहिला. ताईने मालकांकडे तो मागितला. ते म्हणाले, न्या, आमचा उचलायचा त्रास वाचेल.

एका दुपारी ती त्या कोळशाची गोणी घेऊन रिक्षातून गाळ्यावर उतरली. गोणी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “अरे, हे भाजायचंय.”

“भाज की. भट्टी आहे.”

“तसं नाही. हवा न लागू देता. हवा लागली की जळून जाईल. मला तो जळायला नकोय, नुसता भाजून हवाय.”

तिने एक तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. “हा अजून कोवळा आहे,” म्हणाली. “दगडी कोळसा व्हायला ह्याला अजून लाखो वर्षं लागली असती. आधीच वर काढला. म्हणून सगळे ह्याला नावं ठेवतात.”

मी जाड पत्र्याचा एक ड्रम केला, झाकण बोल्टने आवळलं आणि आतला वायू बाहेर पडायला वरून एक नळी काढली. खाली भट्टी पेटवली. थोड्या वेळाने नळीतून पांढरी वाफ आली, मग पिवळा धूर, आणि मग असा वास सुटला की शेजारच्या गाळ्यातली माणसं बघायला आली. संध्याकाळी घरी गेलो तर बायकोने मला दारातच थांबवलं. “आधी कपडे बदला,” म्हणाली. ताईलाही तिने तेच सांगितलं असतं, पण ताईपुढे तिला संकोच वाटायचा. ती फक्त म्हणाली, “ताई, तुमच्यासाठी गरम पाणी काढलंय.”

ड्रम गार झाल्यावर आत काळा, हलका, ठिसूळ कोळसा निघाला. त्याचा पहिला उपयोग आईने सुचवला. शेगडीच्या काळात ती कोळशाच्या चुऱ्याचे गोळे करायची, भाताच्या पेजेत कालवून. तिने हट्टाने आमचा चुरा मागवला, गॅलरीत पाट टाकून बसली आणि गोळे वळले. ते सुकल्यावर आम्ही बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याला नेऊन दिले. तो म्हणाला, “धूर नाही, उष्णता चांगली आहे. राख मात्र फार होते. कपड्यावर उडते.”

राख. त्या एका शब्दाने पुढची कितीतरी वर्षं ताईचा पिच्छा पुरवला. त्या कोळशात माती मिसळलेली होती आणि ती कोळशाबरोबर भाजली जायची. ताई तो धुवायची, चाळायची, पाण्यात टाकून वर तरंगेल तेवढाच उचलायची. राख कमी व्हायची, जायची नाही. तरीही ते गोळे चालले. कोळशाची इस्त्री वापरणारे, कणसं भाजून विकणारे घ्यायला लागले. टाक्यांच्या कामाबरोबर आमचं ते एक जोडकाम झालं.

ताईचं मन मात्र गोळ्यांत नव्हतं. तिला पाण्याचा रंग काढायचा होता.

भाजलेला कोळसा तसाच पाण्यात टाकला तर काही होत नाही. त्याला आतून भोकं पाडावी लागतात, आणि ती पाडायला लागते वाफ. कोळसा लालबुंद तापवून त्यातून वाफ सोडली की वाफ त्याला आतून पोखरत जाते. कमी पोखरला तर तो रंग धरत नाही, जास्त पोखरला तर सगळा वाफेबरोबर निघून जातो आणि खाली राख उरते. ताईचं म्हणणं असं होतं, की ह्या कोवळ्या कोळशाची घडणच सैल आहे, त्याला पडणारी भोकं करवंटीच्या कार्बनपेक्षा मोठी असतील. लोक ज्या सैलपणाला नावं ठेवतात तोच आपल्या कामाचा आहे. ती हे इतक्या खात्रीने सांगायची की मला वाटायचं, हिने हे कुठेतरी होताना पाहिलं असणार. नव्हतं पाहिलं. आम्ही ते पहिल्यांदा करत होतो, निदान आमच्यापुरतं तरी.

अडचण उष्णतेची होती. इतकी धग सतत ठेवायची तर डिझेल भसाभसा जळायचं. ताई म्हणाली, कोळसा भाजताना जो वायू निघतो तो आपण हवेत सोडतोय. तोच परत भट्टीत जाळू या. मी लांब नळी फिरवून वायू बर्नरपर्यंत आणला. थोड्याच वेळात नळी तुंबली. वायूबरोबर डांबर येत होतं आणि ते नळीत गार होऊन गोठत होतं. मी नळी साफ केली, रुंद केली, तिला उतार दिला, बाहेरून गुंडाळली. दर वेळी ती तुंबायची. आमची त्यावरून कडाक्याची भांडणं झाली. ताई म्हणायची, उतार कमी पडतोय. मी म्हणायचो, तुझ्या कोळशात डांबरच जास्त आहे. एकदा तर आम्ही दोघंही डबा न खाता दोन कोपऱ्यांत बसून राहिलो.

मग एक दिवस ड्रम उतरवून ठेवलेला असताना मला सुचलं, की नळी हवीच कशाला? ड्रम सरळ आगीच्या डोक्यावर बसवायचा आणि त्याच्या बुडालाच भोकं पाडायची. वायू निघाला की गार व्हायच्या आत खालच्या आगीत उतरेल, डांबरासकट जळून जाईल. मी खडूने जमिनीवर काढून ताईला दाखवलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग तिने पदर खोचला आणि म्हणाली, “भोकं किती मोठी पाडतोयस?”

ते चाललं. सुरुवातीला थोडं इंधन लागायचं, मग कोळसा स्वतःच्याच वायूवर भाजत राहायचा आणि त्याच आगीवर वाफेसाठी पाणीही उकळायचं. भट्टी एक बारीक गुरगुर करत चालायची. आम्ही दोघं पत्र्याच्या खोक्यांवर बसून ती ऐकत राहायचो. ताई मध्येच उठून झरोक्यातून आतल्या लालीचा रंग बघायची आणि वाफेचा कॉक थोडा उघडायची, थोडा मिटायची. उष्णता मोजायची यंत्रं लावूनही तिचा अर्धा भरवसा त्या रंगावरच असायचा.

रंग निघाला तो दिवस मला आठवतो. ताईने काचेच्या उभ्या नळीत आमचा कार्बन भरला आणि शेजारच्या कारखान्यातून आणलेलं लाल पाणी वरून सोडलं. खाली पांढरा कप ठेवला. पाणी थेंब थेंब उतरायला लागलं. तिने कप उचलून उजेडाकडे धरला, मग माझ्याकडे दिला.

“दिसतंय का तुला काही?”

“काही नाही.”

“नीट बघ.”

“अगं, खरंच काही नाही. पाणी आहे.”

“तेच तर,” ती म्हणाली आणि खोक्यावर बसली. तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, परत काढला. मी चहा सांगायला गेलो. परत आलो तेव्हा ती दुसऱ्या कपात पाणी गोळा करत होती. पहिला कप बाजूला झाकून ठेवलेला. तो तिने घरी आणून आईला दाखवला. आई म्हणाली, “नुसतं पाणी काय आणलंयस?” आणि आम्ही दोघं हसत सुटलो.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. मी मोठा फिरता ड्रम बांधला. आसपासच्या रंगाच्या कारखान्यांनी आमचा कार्बन त्यांच्या टाक्यांत भरला. त्या वर्षांची मला आज ओढ लागते ती त्या यशासाठी नाही. ओढ लागते ती दुपारच्या डब्याची. ताईच्या हाताच्या रेषांत काळं भिनलेलं असायचं, कितीही धुतलं तरी जायचं नाही. ती पोळीचा तुकडा बोटांच्या टोकांनी धरायची. जेवता जेवता म्हणायची, “उद्या वाफ जरा उशिरा सोडून बघू या का?” मी म्हणायचो, बघू. एवढंच बोलणं. पण माझ्याशी ‘बघू या का’ असं म्हणणारं माणूस आयुष्यात ती एकच होती. बाकीचे सांगायचे, किंवा विचारायचे. ती बरोबर घेऊन बघायची.

हळूहळू औद्योगिक वसाहतीच्या कडेला मोठमोठ्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या. त्यातल्या लोकांना धूर नको होता, वास नको होता, आणि भट्टीचं नाव काढलं तरी भीती वाटायची. त्यांचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. आमचीच बिल्डिंग काही लांब नव्हती. आम्हाला भट्टी दुसरीकडे हलवायला सांगण्यात आलं. ताई आणि मी कल्याणच्या पलीकडे जागा बघत फिरलो. एक मिळाली पण तिथे पाणी नव्हतं, दुसरीकडे रस्ता नव्हता. भट्टी बंद ठेवून आम्ही पुन्हा टाक्या करायला लागलो. ताई गाळ्याच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून उरलेल्या नमुन्यांवर काम करायची. त्याच काळात तिने एका परिषदेत आपलं काम मांडलं आणि तिथे भेटलेल्या कुणीतरी ते ऑस्ट्रेलियातल्या त्या केंद्राला कळवलं.

तिथून बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर मला म्हणाली, “तिथे शेतांच्या खाली कोळसा आहे. आपल्यापेक्षा कोवळा. निम्म्याहून जास्त पाणीच. विजेची केंद्रं बंद होतायत, म्हणून त्यांना त्याचं दुसरं काहीतरी करायचंय.”

“मग सुकवायला जड जाईल.”

“जाईल. पण त्यात राख नाही रे. जवळजवळ नाहीच.”

तिने हे ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं जी काढायला ती कोळसा धूत होती, चाळत होती, ती राख नसलेला कोळसा जगात कुठेतरी होता. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ती जाणार.

“तू पण चल,” ती म्हणाली. “मी विचारलंय त्यांना. भट्टी बांधणारं माणूस लागेलच.”

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिला उठवून बसवायला दोन माणसं लागायची, एक बायको आणि एक मी. मुलाचं शिक्षण चाललेलं. मी म्हटलं, तू हो पुढे. ताईने परत विचारलं नाही. परत विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, हे मला आजही सांगता येत नाही.

ती गेल्यावर आई रोज संध्याकाळी विचारायची, “आली का ती?” आम्ही सांगायचो, लांब गेलीय, येईल. आई म्हणायची, “तिचा डबा राहिला असेल.” पुढच्या हिवाळ्यात आई गेली. ताईला विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आईच्या खाटेच्या जागी ती जमिनीवर बसून राहिली. मी शेजारी बसलो. कितीतरी वेळाने तिने माझा हात हातात घेतला आणि उलटा करून बघितला. “तुझे हात स्वच्छ झाले,” म्हणाली.

गाळा मी सोडला. मुलगा घोडबंदर रोडला राहायला गेला आणि आम्हालाही घेऊन आला. घर छान आहे. हवा आहे, एका खिडकीतून डोंगर दिसतो. मुलगा-सून दोघंही कामावर जातात, ट्रॅफिकला कंटाळून परत येतात, माझी चौकशी करतात. तक्रार करावी असं काही नाही. मागे एकदा स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरची नळकांडी बदलायला माणूस आलेला. तो गेल्यावर मी जुनं नळकांडं करवतीने कापलं, आतला कार्बन वर्तमानपत्रावर ओतला आणि बोटांत चोळून बघत बसलो. बायको म्हणाली, “आता हे काय काढलंय?” मी ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि मूठ कॅमेऱ्यासमोर धरली.

“करवंटीचा,” ती लगेच म्हणाली.

“तुला दिसलं एवढ्यावरून?”

“कडा बघ ना त्याच्या, किती धारदार आहेत.” मग म्हणाली, “तुझ्या भट्टीतला असता तर मऊ असता.”

मागे पांढऱ्या कोटातली माणसं ये-जा करत होती. ती म्हणाली, इथे सगळे फार चांगले आहेत, काही लागलं तर लगेच देतात. फक्त भांडत कुणी नाही. मी काही सांगितलं की हो म्हणतात. “उतार कमी आहे असं म्हणायला कुणी नाही,” म्हणाली. मी म्हटलं, ते तर तूच म्हणायचीस. ती हसली.

ह्या वर्षी ती थोडे दिवस आलेली. आम्ही दोघं गाडी करून डोंबिवलीला गाळा बघायला गेलो. तिथे आता कुरिअरच्या पार्सलांचं गोदाम आहे. जमिनीला लाद्या बसवल्यात. आतल्या माणसाने विचारलं, काय पाहिजे. ताई म्हणाली, काही नाही, आम्ही इथे असायचो. तो बरं म्हणाला आणि कामाला लागला. परत येताना कळव्याच्या अलीकडे गाडी अडकली तेव्हा तिने मला सांगितलं की तिथे तिने छोटंसं घर घेतलंय. केंद्राच्या जवळ, मागे थोडी जागा आहे. म्हणजे आता ती तिथलीच. मला ते आधीच समजलेलं होतं, तरी ऐकल्यावर मी खिडकीबाहेर बघत बसलो.

“ये ना तू राहायला,” ती म्हणाली. “दोघं या. महिनाभर राहा.”

ती गेल्यावर मी पासपोर्ट काढला. बायकोने बॅगसुद्धा बघून ठेवली. तिकिटाशी मात्र माझं घोडं अडलं. मुलगा दर रविवारी विचारायचा, काढू का? मी म्हणायचो, थांब. का थांब, ते मला सांगता येईना. मग गेल्या आठवड्यात फोनवर ताईनेच विचारलं, “येत का नाहीयेस तू? खरं सांग.”

मी म्हटलं, “मला तुझ्या घरी पाहुणा म्हणून बसायचं नाहीये गं. तू सकाळी कामावर जाणार आणि मी खिडकीतून झाडं बघणार. ते मला जमायचं नाही. मला तुझ्याबरोबर कामावर यायचंय.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग ती म्हणाली, “भट्टीपाशी इथे टोपी घालावी लागते. आणि बूट त्यांचेच घालायचे, जड असतात.”

“चालेल,” मी म्हटलं.

“मग तुझा नंबर काय, सात की आठ?”